बीपीची गोळी : बरं वाटतंय म्हणून बंद करू नका

हंगामात शेतकरी एकवेळ जेवण विसरेल, पण बैलाची वैरण विसरत नाही. स्वतःच्या गोळीचं मात्र तसं नाही. पाकीट संपलं, डोकं दुखत नाही, मग तालुक्याला कशाला जायचं, असं म्हणून गोळी बंद होते. इथेच घात होतो. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. कित्येक घरांत ते कळतं ते थेट लकवा मारल्यावर.

बीपी वाढलं कधी म्हणायचं?

मशीनवर दोन आकडे येतात. साधारण १२०/८० च्या आसपास ठीक. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे येत असेल, तर उच्च रक्तदाब समजतात. एकाच वेळी जास्त आला म्हणून लगेच घाबरू नये, पण पुन्हा मोजणं टाळूही नये.

मोजताना काय पाळावं?

अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. चालत आला असाल तर पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात टेबलावर ठेवा. मोजताना बोलू नका. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारलं तर दिवस कळतो.

उपचार कोणते?

बीपी थोडंच वाढलं असेल तर डॉक्टर आधी खाण्यापिण्यात बदल सांगतात. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. तंबाखू, मिश्री, दारू सोडायची. वजन जास्त असेल तर कमी करायचं.

तेवढ्यानं भागलं नाही तर गोळी. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत देतात, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात. कोणाला कोणती, हे डॉक्टरच ठरवतात. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही. गरोदर बाईला किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावं, काही गोळ्या बाळाला घातक असतात. अॅम्लोडिपिननं काहींच्या पायाला सूज येते. अशा वेळी गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावं, ते बदलून देतात.

‘एकदा सुरू झाली की जन्माची लागते’

या भीतीनं अनेक जण गोळी सुरूच करत नाहीत. बहुतेकांना ती कायम लागते, हे खरं. पण त्याचं कारण सवय नव्हे. बीपी मुळातून जात नाही, गोळी त्याला आवरून धरते. आकडा नीट आला म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

कंबर-गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणून रोज खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीलाही इजा होते. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

लगेच दवाखाना कधी?

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय गळणं, बोबडी वळणं, छातीत दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. लकव्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही डोक्याचा सीटी स्कॅन करून. त्यामुळे अंगारा, मालीश, झाडपाला यात वेळ घालवू नका.

एकाच घरात आई, वडील, काका असे तिघं बीपीचे असतील, तर पुढच्या पिढीनंही वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधून घ्यावा. काम दोन मिनिटांचं आहे.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. गोळी सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.)