अल्हाम्ब्राची भिंत आणि घरातील वॉलपेपर : ओवेन जोन्स व इस्लामी अलंकरणाचे आधुनिकीकरण

प्रस्तावना :

पारंपरिक अलंकरणाचे 'आधुनिकीकरण' हा शब्दप्रयोग आज इतका रूढ झाला आहे की त्यामागे नेमकी कोणती प्रक्रिया अभिप्रेत आहे, हे क्वचितच तपासले जाते. मशिदीच्या अथवा राजवाड्याच्या भिंतीवरील नक्षी पडद्यावर, फरशीवर किंवा चहाच्या ट्रेवर आली की ती आधुनिक झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः अशा स्थलांतरात मूळ कलेतील काही अंगे नव्या वस्तूपर्यंत पोहोचतात, तर काही मागे राहतात. त्यांचा हिशेब मांडल्याशिवाय आधुनिकीकरणाचे मूल्यमापन करता येत नाही. प्रस्तुत लेखात इंग्लिश वास्तुविशारद ओवेन जोन्स (१८०९–१८७४) यांच्या कार्याच्या आधारे हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. स्पेनमधील ग्रॅनाडा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्याचे अलंकरण इंग्लंडमधील सामान्य घरापर्यंत नेण्यात जोन्स यांचा मोठा वाटा होता. या कलेची तत्त्वे घ्यावीत, तिची तयार रूपे उचलू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह कितपत सफल झाला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अल्हाम्ब्रातील अलंकरणाचे स्वरूप :

अल्हाम्ब्राचे आज दिसणारे प्रमुख महाल चौदाव्या शतकात नासरी घराण्यातील पहिला युसुफ (कारकीर्द १३३३–१३५४) आणि पाचवा मुहंमद यांच्या काळात आकारास आले. तेथील भिंतीचे साधारणतः तीन थर दिसतात. खालच्या भागात झिलईदार फरशांचे तुकडे कापून जुळविलेली भौमितिक नक्षी, त्यावर गिलाव्यातील उठावाची वेलबुट्टी आणि सर्वांत वर लाकडी छत. या थरांमधून अरबी लेखांचे पट्टे फिरतात. 'ईश्वरावाचून कोणी विजेता नाही' या अर्थाचे नासरी घराण्याचे ब्रीद भिंतींवर पुनःपुन्हा आढळते. त्याखेरीज इब्न झमरक यांच्यासारख्या दरबारी कवींच्या रचनाही तेथे कोरलेल्या आहेत.

भौमितिक नक्षीची रचनापद्धती मुळात साधी आहे. कर्कटकाने वर्तुळ काढावे, त्याचे सहा, आठ अथवा दहा समान भाग करावेत आणि मिळालेले बिंदू सरळ रेषांनी जोडावेत, म्हणजे तारकाकृती तयार होते. ती जाळीच्या चौकटीत पुनरावृत्त केली की नक्षी कोणत्याही दिशेने वाढविता येते. परंतु प्रत्यक्ष भिंतीवर ती अमर्याद वाढत नाही. कोपरा, दाराची चौकट, कमानीचा पाया यांपाशी ती नेटकेपणाने संपवावी लागते. मापे कशी बेतावीत, कोणता तुकडा कोठे अर्धा करावा, याचा निर्णय त्या विशिष्ट भिंतीसमोर कारागीर घेत असे. हे कौशल्य कागदावरील आकृतीत पूर्णपणे उतरत नाही.

हे अलंकरण एका धर्माच्या राज्यकर्त्यांपुरते मर्यादित नव्हते. कास्तीलचा ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो याने १३६० च्या दशकात सेव्हिल येथे बांधलेल्या महालात हीच शैली, अरबी लेखांसह, स्वीकारलेली दिसते. मात्र तेथे नक्षीबरोबर ती घडविणारे कारागीरही आले होते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे.

जोन्स यांचे सर्वेक्षण आणि ग्रंथ :

जोन्स १८३४ मध्ये फ्रेंच वास्तुविशारद ज्यूल गुरी यांच्यासह ग्रॅनाडा येथे पोहोचले. दोघांनी राजवाड्याची मापे घेतली, रंगांचे अवशेष नोंदविले आणि नक्षीचे ठसे घेतले. त्याच वर्षी गुरी यांचे पटकीने निधन झाले. जोन्स १८३७ मध्ये पुन्हा तेथे गेले आणि काम पूर्ण केले. अल्हाम्ब्रावरील त्यांचा ग्रंथ १८३६ ते १८४५ या काळात भागशः प्रसिद्ध झाला. रंगीत शिळामुद्रण तेव्हा बाल्यावस्थेत असल्याने छपाईची व्यवस्था जोन्स यांनी स्वतः उभारली. अरबी लेखांचे भाषांतर स्पॅनिश अभ्यासक पास्कुआल दे गायांगोस यांनी केले होते. म्हणजेच नक्षीच्या जोडीने शब्दांचेही महत्त्व जोन्स यांनी प्रारंभापासून ओळखले होते.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वास्तूची अंतर्गत रंगयोजना त्यांनी केली. १८५४ मध्ये सिडनहॅम येथे पुन्हा उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी अल्हाम्ब्रातील सिंहांच्या चौकाची लहान प्रमाणातील प्रतिकृती साकारली. स्पेनला कधीही जाऊ न शकणाऱ्या हजारो लोकांनी ही कला प्रथम तेथे पाहिली. १९३६ च्या आगीत क्रिस्टल पॅलेस नष्ट झाला. १८५६ मध्ये त्यांचा 'द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' हा शंभर रंगीत चित्रपत्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभी सदतीस सूत्रे आहेत. सर्व अलंकरणास भौमितिक रचनेचा पाया असावा, असे त्यांपैकी एक सूत्र सांगते. शेवटून दुसऱ्या सूत्राचा आशय असा की, पूर्वजांच्या कृतींतून मिळणारी तत्त्वे आपली आहेत, परंतु त्या कृतींची अंतिम रूपे आपली नाहीत. रूपांची उचल करणे म्हणजे साध्य आणि साधन यांची गल्लत करणे होय.

यंत्रयुगाची गरज :

इंग्लंडला अल्हाम्ब्राची गरज का भासली, याचे उत्तर तत्कालीन उत्पादनव्यवस्थेत आहे. १८४० च्या सुमारास वॉलपेपर रुळावर छापण्याचे तंत्र विकसित झाले आणि तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागला. त्यावर आणि गालिच्यांवर हुबेहूब, छायाप्रकाशासह काढलेली फुले व निसर्गदृश्ये असत. सपाट पृष्ठभाग सपाटच दिसावा, असे मानणाऱ्या सुधारकांना हे खोटेपणाचे वाटले. हेन्री कोल यांनी १८५२ मध्ये मार्लबरो हाऊसमधील संग्रहालयात अशा 'चुकीच्या' नमुन्यांचे स्वतंत्र दालनच मांडले. या आग्रहाची थट्टाही झाली. चार्ल्स डिकन्स यांच्या 'हार्ड टाइम्स' (१८५४) या कादंबरीतील शासकीय अधिकारी शाळकरी मुलांना फुलांचे गालिचे व घोड्यांची चित्रे असलेला वॉलपेपर निषिद्ध ठरवून सांगतो, तो याच चळवळीला मारलेला टोला होता.

अल्हाम्ब्राच्या नक्षीत या सुधारकांना हवे ते सर्व होते. ती सपाट होती, तीत आभासी खोली नव्हती आणि एका घटकाची पुनरावृत्ती हाच तिचा आधार असल्याने ती यंत्राच्या रुळास सहज मानवणारी होती. जोन्स यांनी वॉलपेपर, कापड, गालिचे यांसाठी आराखडे केले. डी ला रू कंपनीसाठी पत्ते आणि हंटली अँड पामर्स या बिस्किट कंपनीसाठीही काम केले. १८४२ मध्ये त्यांनी ब्लॅशफील्ड यांच्यासाठी फरसबंदीच्या आराखड्यांचे पुस्तक तयार केले. कोरड्या मातीच्या भुकटीवर दाब देऊन अचूक मापाचे तुकडे बनविण्याच्या रिचर्ड प्रॉसर यांच्या १८४० च्या पेटंटामुळे अशी फरसबंदी व्यापारी प्रमाणावर शक्य झाली होती. राजवाड्याच्या भिंतीवरील नक्षी अशा रीतीने दोन दशकांत सामान्यांच्या घरात आली.

पोहोचलेले आणि मागे राहिलेले :

या प्रक्रियेतील लाभ नाकारता येत नाही. चांगल्या रेषेचा व रंगसंगतीचा आस्वाद राजेरजवाड्यांची मक्तेदारी राहिला नाही. युरोपेतर संस्कृतींची कला 'कुतूहलाची वस्तू' न राहता तिच्यापासून नियम शिकता येतात, हे मान्य झाले. पुढे क्रिस्टोफर ड्रेसर यांच्यासारख्या संकल्पकांना या विचारातून दिशा मिळाली.

मागे राहिलेल्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे शब्द. अल्हाम्ब्रातील लेख डोळ्याला सौंदर्य देतात आणि त्याच वेळी बुद्धीला अर्थ शोधावयास लावतात, असे स्वतः जोन्स यांनीच नमूद केले होते. परंतु घरगुती वस्तू जगाच्या बाजारासाठी होत्या. वाचता न येणारा लेख तेथे नुसता आकार ठरला असता आणि ईश्वराचे नाव असलेली ओळ पायाखालच्या फरशीवर घालणे तर अनुचितच होते. त्यामुळे लेख गळाला आणि भूमिती उरली. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. वॉलपेपर भिंत संपेल तेथे कात्रीने कापला जातो. नक्षी आणि भिंत यांचे परस्परांशी काही देणेघेणे राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कारागीर. ग्रंथात राजांची नावे आली, लेखांचे भाषांतर आले. परंतु तुकडे कापणाऱ्या हातांचे ज्ञान चित्रपत्रात मावणारे नव्हते. परिणामी ज्या ग्रंथाने तयार रूपे उचलू नका असे बजावले, तोच तयार नमुन्यांचा संग्रह म्हणून सर्वाधिक वापरला गेला. सूत्रांना परिश्रमाने वाचावे लागते, चित्रपत्राची नक्कल लगेच करता येते. ग्रंथाच्या रचनेतच हा धोका दडलेला होता.

मुंबईशी असलेला संबंध :

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या भायखळा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या, जमिनीवर इंग्लंडमधील मिंटन कारखान्याच्या फरशा आहेत. या कारखान्याच्या नमुन्यांमागे मध्ययुगीन ख्रिस्ती चर्चची परंपरा जशी होती, तशीच जोन्स यांच्या काळातील नवी भौमितिक दृष्टीही होती. १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या वातावरणात तयार झालेले जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत अध्यापनासाठी आले. १८५१ च्या प्रदर्शनातील भारतीय वस्तूंची जोन्स यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली होती आणि त्यांच्या ग्रंथातील भारतीय नमुने मुख्यतः अशाच संग्रहांतून घेतले होते. भारतीय कारागिरांकडून लंडनने घेतलेले धडे अशा प्रकारे अभ्यासक्रमाच्या रूपाने भारतात परतले. त्या परतीच्या प्रवासात शिक्षकाची जागा मात्र बदललेली होती.

पुढील काळातील अन्य मार्ग :

जोन्स यांच्या सूत्राला अधिक जवळचे असे प्रयत्न पुढील काळात झाले. पॅरिस येथील अरब जग संस्थेच्या (१९८७) दक्षिण दर्शनी भिंतीवर ज्याँ नुव्हेल व सहकाऱ्यांनी प्रकाशानुसार उघडझाप करणाऱ्या धातूच्या झडपा बसविल्या. येथे जाळीदार खिडकीचे प्रकाशनियंत्रणाचे कार्य घेतले गेले आणि त्यास नवे यंत्ररूप मिळाले. या यंत्रणेची देखभाल कठीण ठरली, तरी त्यामागील विचार महत्त्वाचा आहे. दुसरा मार्ग न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात २०११ मध्ये उभारलेल्या मोरोक्कन चौकात दिसतो. तेथे फेस शहरातील कारागिरांनी स्वतः येऊन काम केले.

संशोधनानेही दृष्टी बदलली. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातील, कारागिरांच्या रेखाटनांची सुमारे तीस मीटर लांबीची गुंडाळी गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ मध्ये अभ्यासासह प्रसिद्ध केली. तिच्यावर आकृतीबरोबरच ती रचण्याच्या साहाय्यक रेषाही उमटलेल्या आहेत. जोन्स यांनी पूर्ण झालेल्या भिंतीवरून नियम शोधले. या गुंडाळीत नियम प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची वही आपल्यासमोर येते.

समारोप :

जोन्स यांच्या कार्यातून असे दिसते की, अलंकरणाचे आधुनिकीकरण हे केवळ माध्यमांतर नसते. नक्षी नव्या वस्तूवर नेताना तिची रचनापद्धती, तिच्यातील अर्थ आणि तिचा कर्ता यांपैकी काय बरोबर न्यायचे, याचा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. बाजार तो निर्णय सोयीनुसार घेतो आणि सोयीचे असते ते तयार रूप. आज संगणकावर कोणतीही तारकाकृती क्षणात मिळते. त्यामुळे चित्रपत्राच्या नकलेचा जुना धोका अधिक वाढला आहे. कला व इतिहासाच्या अध्यापनात हा विषय मांडताना विद्यार्थ्याच्या हाती प्रथम कर्कटक द्यावे, त्यानंतर एक ठरावीक मापाची भिंत द्यावी आणि तिच्या कोपऱ्यात नक्षी संपवून दाखविण्यास सांगावे. त्या कोपऱ्यापाशी त्याला जी अडचण येईल, ती ग्रॅनाडाच्या कारागिराने रोज सोडविलेली होती.