रस्त्याने बाजू बदलली तेव्हा

गाडी चालवायला शिकणाऱ्याच्या कानावर अगदी पहिल्या दिवशी पडणारे वाक्य म्हणजे 'डावी बाजू सोडायची नाही'. नियम इतका साधा की त्याचे कारण विचारावे असे कोणाला वाटत नाही. पण वर्गातल्या एखाद्या मुलीने 'डावीच का?' असे विचारले तर काय सांगायचे? भौतिकशास्त्रात याचे उत्तर नाही. जगातील सुमारे एक तृतीयांश लोक डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत राहतात, बाकीचे उजवीकडून चालवणाऱ्या देशांत, आणि गाड्या दोन्हीकडे चालतात. तेव्हा उत्तर शोधायचे ते इतिहासात.

इतिहासात शिरले की प्रथम भेटते ती तलवारीची गोष्ट. समोरून येणारा स्वार आपल्या उजव्या हाताला असलेला बरा, म्हणजे वेळ आली तर तलवार चालवता येते. म्हणून लोक डावीकडून जाऊ लागले म्हणे. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा म्हणावा असे फारसे काही मिळत नाही. त्यापेक्षा इंग्लंडमध्ये स्विंडन गावाजवळ सापडलेली रोमन काळातील दगडाची खाण आम्हाला अधिक बोलकी वाटते. तेथील वाटेवर गाड्यांच्या चाकोऱ्या उमटलेल्या आहेत. एका बाजूच्या खोल, दुसऱ्या बाजूच्या उथळ. खाणीत जाताना गाडी रिकामी, बाहेर पडताना दगडांनी भरलेली. तेव्हा खोल चाकोरी बाहेर पडणाऱ्या गाड्यांची असणार. या हिशेबाने तिथल्या गाड्या डावीकडून जात असाव्यात. अर्थात हा एका खाणीचा पुरावा झाला, साऱ्या साम्राज्याचा नव्हे!

लेखी पुरावा बराच अलीकडचा आहे. लंडन ब्रिजवर गाड्यांची फार कोंडी होऊ लागली, तेव्हा 1722 साली तेथील लॉर्ड मेयरने आदेश काढला, की साउथवर्ककडून शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या पश्चिम कडेने यावे आणि शहरातून बाहेर जाणाऱ्यांनी पूर्व कडेने जावे. साउथवर्क नदीच्या दक्षिणेला आहे. फळ्यावर नकाशा काढून मुलांना विचारावे, ही बाजू डावी की उजवी? 1835 च्या कायद्याने हाच पायंडा पक्का झाला, आणि ब्रिटिशांबरोबर तो हिंदुस्थानात आला.

उजव्या बाजूचे कारण बहुधा घोड्यांच्या जोड्यांत आहे. फ्रान्स आणि अमेरिकेत माल वाहून नेणाऱ्या मोठ्या गाड्यांना अनेक जोड्या जुंपत. हाकणारा गाडीवर न बसता शेवटच्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर बसे, म्हणजे उजव्या हातातला चाबूक सगळ्या घोड्यांपर्यंत पोचे. समोरची गाडी आपल्या डाव्या अंगाने गेली, की चाकाला चाक लागत नाही ना हे त्याला नीट दिसे. म्हणून तो उजवीकडून चाले. हा नियम कोणी केला याहून तो का सोयीचा पडला हे यात दिसते.

आपल्या शेजारचेच एक उदाहरण द्यायला हवे. पोर्तुगालने 1928 साली डावी बाजू सोडून उजवी धरली. त्याच्या बहुतेक वसाहतींनाही बाजू बदलावी लागली. गोव्याला मात्र नाही. गोव्याच्या सभोवती डावीकडून चालणारा ब्रिटिश मुलूख होता. लिस्बनचा नियम तिथे आणला असता तर हद्दीवर प्रत्येक गाडीला बाजू बदलावी लागली असती. म्हणून 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा निदान रस्त्यावर काहीच बदलावे लागले नाही.

स्वीडनची अडचण नेमकी अशीच होती, पण तिथे हा शहाणपणा सुचायला उशीर झाला. हा देश अठराव्या शतकापासून डावीकडून चालत होता. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे स्टिअरिंगही डाव्या हाताला होते. याचा अर्थ काय होतो पाहा. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याजवळ बसतो. पुढच्या ट्रकला मागे टाकायचे तर थोडेसे उजवीकडे सरकले की समोरून कोण येते ते दिसते. स्वीडनमधला चालक रस्त्याच्या कडेला बसलेला. समोरचे दिसावे म्हणून त्याला जवळजवळ सगळी गाडी पलीकडच्या बाजूला न्यावी लागे. अरुंद रस्त्यांवर समोरासमोर टक्कर व्हायला एवढे पुरे.

तरीही 1955 साली जनमत घेतले तेव्हा सुमारे 83 टक्के लोकांनी डावी बाजूच हवी म्हणून कौल दिला. सवय मोडणे कोणाला आवडते? वाहने वाढतच गेली, आणि अखेर 1963 मध्ये संसदेने हा कौल बाजूला ठेवून बदलाचा निर्णय घेतला. तयारीला चार वर्षे मिळाली. सुमारे 3 लाख 60 हजार फलक बदलायचे होते. बसची दारे दुसऱ्या बाजूला घ्यायची होती. काही शहरांनी या निमित्ताने ट्रामच बंद करून टाकल्या.

मोटारींचे पुढचे दिवेही बदलावे लागले. याचे कारण पुष्कळ चालकांनाही ठाऊक नसते. 'डिपर' दिल्यावर पडणारा प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आपल्याकडच्या दिव्यांत तो डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, थोडा वर आणि लांब जातो आणि उजवीकडे खाली राहतो. कडेने चालणारा माणूस दिसावा, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, अशी ही योजना आहे. तोच दिवा घेऊन उजवीकडून चालू लागले तर नेमके उलटे होईल. (रात्री मोठा झोत ठेवूनच गाडी हाकणाऱ्यांना ही सगळी योजना फुकट घालवण्याची कला साधलेली असते.)

3 सप्टेंबर 1967, रविवार. रात्री एकपासून अत्यावश्यक वाहनांखेरीज सगळी वाहने बंद. स्टॉकहोममध्ये तर बंदी आदल्या सकाळपासूनच होती. पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी रस्त्यावर असलेल्या प्रत्येक वाहनाने थांबायचे, सावकाश उजव्या बाजूला जायचे आणि पुन्हा थांबायचे. पाच वाजता हळूहळू निघायचे. तसेच झाले.

मग अपघातांचे काय? दुसऱ्या दिवशी, सोमवारी, 125 अपघातांची नोंद झाली. आधीच्या सोमवारी हा आकडा 130 ते 198 च्या दरम्यान असे. त्यांपैकी एकाही अपघातात कोणी दगावले नाही. 1966 साली स्वीडनच्या रस्त्यांवर 1313 माणसे मेली होती, 1967 मध्ये 1077. पण 1969 पर्यंत अपघातांचे प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आले.

आम्हाला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती ही घट आणि नंतरची वाढ. उजवी बाजू अधिक सुरक्षित असती तर घट टिकली असती. ती टिकली नाही. त्या काळात वेगमर्यादाही खाली आणल्या होत्या, तेव्हा घटीचे किती श्रेय कमी वेगाला आणि किती लोकांच्या वाढलेल्या सावधपणाला, हे आज वेगळे काढता येणार नाही. तरी एक अर्थ सरळ आहे. प्रत्येक चालकाला काही दिवस असे वाटत होते, की समोरचा माणूस चुकू शकतो आणि आपणही चुकू शकतो. नवलाई ओसरली तसा तो संशय गेला.

मग नवशिक्या चालक तर सर्वांत सुरक्षित असायला हवा, कारण त्याच्याइतका धास्तावलेला दुसरा कोण? प्रत्यक्षात परवाना मिळाल्यावर एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिनेच सर्वांत धोक्याचे असतात, असे अनेक देशांत आढळले आहे. धास्ती आणि लक्ष एक नव्हे. अमेरिकेत मॉरंट आणि रॉकवेल यांनी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या आणि 1972 साली आपले निष्कर्ष छापले. नवशिक्यांची नजर गाडीच्या जवळच्या रस्त्यावर खिळलेली राहते, आरशाकडे ती कमी जाते. मुरलेला चालक लांबवर आणि दोन्ही बाजूंना पाहतो. स्वीडनच्या लोकांची गोष्ट वेगळी होती. क्लच, गिअर, ब्रेक त्यांच्या अंगवळणी पडलेले होते, म्हणून सगळे लक्ष रस्त्याला देता आले. नवशिक्याचे अर्धे लक्ष पायाखालीच असते. त्याला पहिले काही आठवडे ओळखीच्या, मोकळ्या रस्त्यावर, दिवसाउजेडी आणि शेजारी जाणता माणूस बसवून गाडी चालवू द्यावी, असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

तयारीविना बाजू बदलली तर काय होते हे ब्रह्मदेशात पाहायला मिळाले. 1970 साली तिथल्या लष्करी राजवटीने डावीची उजवी बाजू केली. कारणाबद्दल वदंता पुष्कळ आहेत, ज्योतिषाचा सल्ला ही त्यांपैकीच एक. नियम बदलला, गाड्या मात्र उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्याच राहिल्या, आणि पुढे कित्येक वर्षे जपानमधून जुन्या गाड्या येत राहिल्या त्याही तशाच. स्वीडनने जी अडचण कष्टाने दूर केली तीच इथे नव्याने तयार झाली. पुढच्या गाडीला मागे टाकताना चालकाला समोरचे दिसेना, म्हणून डावीकडे बसलेल्या सोबत्याने डोकावून सांगायचे, 'आता जा'. आणि जुन्या बसगाड्यांतले उतारू दाराबाहेर पाऊल टाकत ते रस्त्याच्या मध्यावर.