बाबांची पद्मिनी आणि फोर्डचं झाकण

आजचा भाग एका झाकणाबद्दल आहे. लगेच स्किप करू नका. या झाकणापायी माझ्या बाबांची टॅक्सी आठवडाभर उभी होती आणि घरात तेवढे दिवस एक पैसा आला नव्हता.

इंजिनात ज्या नळकांड्यांमध्ये पेट्रोल जळतं, त्यांच्या डोक्यावरचं झाकण म्हणजे सिलिंडर हेड. बोल्ट काढले की ते उचलता येतं. पण 1900 च्या सुमारास कितीतरी गाड्यांमध्ये सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामाचे असायचे. आत जळत्या वायूचा प्रचंड दाब, शेजारीच थंड करणारं पाणी, आणि मधल्या सांध्यावर कोणाचा भरवसा नाही. म्हणून सांधाच नको! पण मग आत काजळी धरली की अख्खं सिलिंडरच उपसून काढावं लागे. घरी करायचं काम नव्हेच ते.

1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. चारही सिलिंडर एका ठोकळ्यात, वर वेगळं लोखंडी हेड, 15 बोल्ट, आणि मध्ये तांबं-ॲस्बेस्टॉसचं गास्केट. व्हॉल्व्ह खालच्या ठोकळ्यातच होते. त्यामुळे हेड म्हणजे खरंच नुसतं झाकण: पाण्याला वाट आणि स्पार्क प्लगला भोकं, बस्स. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी गावाकडच्या शेतकऱ्यांनी घेतल्या होत्या, आणि जवळपास गॅरेज कुठलं? कंपनीने मालकांसाठी प्रश्नोत्तरांची पुस्तिका काढली होती. हेड कसं काढायचं, काजळी कशी खरवडायची, सगळं त्यात होतं. गाडी आपली, तर आतलं काम पण आपणच करायचं, हे त्यात गृहीतच धरलेलं.

पुढे व्हॉल्व्ह खालच्या ठोकळ्यातून निघून हेडमध्ये गेले. इंजिनाची ताकद वाढली, पण झाकण साधं राहिलं नाही.

आता थेट कुर्ल्यात या. इटलीची फियाट 1100 इथल्या प्रीमियर कारखान्यात बनायची, आणि 1970 च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. हिचा ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचं. खरी गोम इथेच आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रेडिएटरमधलं पाणी संपलं आणि गाडी तशीच दामटली, की हेडला बाक येतो.

1996 च्या मे महिन्यात बाबांच्या टॅक्सीचं नेमकं हेच झालं. ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चहा! म्हणजे पाणी तेलात मिसळलेलं. हेडला तडा गेला होता. गॅरेजवाल्याने सांगितलेली मजुरी परवडणारी नव्हती. बाबांनी जुन्या बाजारातून एक वापरलेलं हेड आणलं, त्याला फेस मारून घेतला, आणि चाळीच्या मागे काम सुरू केलं. मी दहा वर्षांचा. माझं काम एकच, पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवणं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी सुरू झाली. शेजारच्या काकांनी पेढे आणले. तिसऱ्या दिवशी माहीमला गास्केट उडालं.

चूक कुठे झाली? बाबांनी हेड एका टोकाकडून आवळत नेलं होतं. आवळायचं असतं मधून बाहेरच्या बाजूला, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं, दोन-तीन फेऱ्यांत. नाहीतर एक बाजू घट्ट बसते आणि दुसरीकडे गास्केट नीट दाबलंच जात नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बाबांना हे समजावलं, पैसे न घेता. पुन्हा सगळं खोललं, नवीन गास्केट आणलं. या खेपेला बाबा एकेक फेरी मोठ्याने मोजत होते आणि मी खडूने खुणा करत होतो. गाडी चालली. पुढे बरीच वर्षं चालली.

या भागाची तयारी करताना मी फोर्डची ती जुनी पुस्तिका वाचली. हेड परत बसवण्याच्या उत्तरात स्पष्ट म्हटलंय: बोल्ट सारखेच आवळत न्या, एकेकाला थोडे थोडे फेरे द्या, एक टोक आधीच घट्ट करून टाकू नका. मी बाबांना फोन करून वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, हे तेव्हा का नाही वाचलंस?"

मुंबईतून पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये कायमची गेली. ते तडा गेलेलं हेड मात्र अजून आमच्या पलंगाखाली आहे. भंगारवाला आला की आई बाहेर काढते, आणि बाबा परत आत सरकवतात.