शाळेची कोठडी

वर्ग म्हटला की आपल्याला फळा, बाक आणि गुरुजी आठवतात. कंबोडियात ख्मेर रूजने १९७५ साली सत्ता घेतली आणि शाळाच बंद केल्या. नॉम पेन्हमधल्या एका हायस्कूलचा १९७६मध्ये 'एस-२१' तुरुंग झाला. वर्गांत विटांच्या कोठड्या उभारल्या, बाकांच्या जागी लोखंडी खाटा आल्या. तुरुंगप्रमुख दुच पूर्वी गणिताचा शिक्षक! हजारो आत गेले, मोजकेच वाचले.

याच काळात चाम मुसलमानांची कुराणे जाळली गेली, मशिदी बंद पडल्या, त्यांच्या भाषेवरही बंदी आली. तालीम मागायची कुठे? या वंशसंहाराबद्दल न्यायालयाने हयात पुढाऱ्यांपैकी एकाला दोषी ठरवले ते २०१८ साली. तोवर कितीतरी साक्षीदार मातीआड गेले होते.