बेडकाचा पाय, जस्त आणि तांबं

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, फौजी माणूस रसायनशास्त्रात कुठे घुसला? पण लडाखमध्ये नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. उणे वीस अंशांत सकाळी ट्रक सुरू होणार की नाही, वायरलेस सेट बोलणार की मुका राहणार, हे बॅटरीतलं रसायन ठरवतं. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते. त्यात बॅटरी उतरलेली असेल तर आतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ झालेलं असतं आणि ते चक्क गोठतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मात्र त्याच थंडीत तग धरते.

या गोष्टीची सुरुवात इटलीत होते. बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांना दिसलं, की दोन वेगळे धातू जोडून मेलेल्या बेडकाच्या पायाला लावले की पाय झटका देतो. 1791 साली त्यांनी जाहीर केलं, की ही वीज प्राण्याच्या शरीरातलीच. पाव्हियाचे प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, छे! बेडूक फक्त वीज दाखवतो, ती येते धातूंमधून. वाद वर्षानुवर्षं चालला. मधल्या काळात नेपोलियनच्या फौजा इटलीत शिरल्या. नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला गॅल्व्हानींनी नकार दिला, त्यांची प्राध्यापकी गेली आणि 1798 मध्ये ते वारले. शपथेवर ठाम राहून नोकरी घालवणाऱ्या या माणसाबद्दल मला, शपथ घेऊनच नोकरी केलेल्याला, फार आदर वाटतो.

मार्च 1800 मध्ये व्होल्टांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. चांदी आणि जस्ताच्या चकत्यांच्या जोड्या, प्रत्येक जोडीनंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली की सतत वीज मिळते. बेडूक नाहीच! पुढच्या वर्षी नेपोलियनने पॅरिसला बोलावून त्यांचा सत्कार केला.

गंमत म्हणजे जिंकलेले व्होल्टाही अर्धेच बरोबर होते. धातू धातूला टेकला की वीज येते, असं ते मानत. खरं कारण, जस्त झिजतं. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून द्रावणात उतरतो. ते इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या धातूकडे जातात, तोच आपला प्रवाह. आणि स्नायू व मज्जातंतूंत खरोखरच वीज असते, हे पुढे सिद्ध झालं, म्हणजे गॅल्व्हानीही पुरते चुकले नव्हते.

व्होल्टांच्या चळतीत दोष होता. दुसऱ्या धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह लवकर मंदावे. 1836 मध्ये लंडनच्या जॉन डॅनियल यांनी यावर उपाय काढला. तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचं द्रावण, मध्ये जस्ताची कांडी, आणि दोन्ही द्रावणं वेगळी ठेवायला सच्छिद्र पडदा. आधी त्यांनी बैलाची अन्ननलिका वापरली, नंतर झिलई नसलेलं मातीचं भांडं आलं. आता तांब्यावर बुडबुड्यांऐवजी तांबंच चढायचं. सुमारे 1.1 व्होल्टचा स्थिर दाब मिळू लागला. मधला पडदा द्रावणं मिसळू देत नाही, पण आयनांना वाट देतो. ती वाट बंद केली तर वीज तिथेच थांबते.

‘इलेक्ट्रोड’, ‘ॲनोड’, ‘कॅथोड’ हे शब्द 1834 मध्ये फॅरेडेंनी केंब्रिजच्या व्हेवेल यांच्या मदतीने रूढ केले. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. जिथून इलेक्ट्रॉन तारेत बाहेर पडतात तो ॲनोड, जिथे ते परत शिरतात तो कॅथोड. वीज देणाऱ्या सेलमध्ये ॲनोड ऋण असतो. बॅटरी चार्ज करताना प्रवाह उलटा फिरतो आणि नावंही अदलाबदल होतात.

असा स्थिर सेल नसता तर तारायंत्र पांगळंच राहिलं असतं. 1851 मध्ये ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली, आणि तीन-चार वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले. 11 मे 1857 ला दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला बातमी गेली. तिथून ती पंजाबात पोहोचली आणि 13 मे रोजी लाहोरच्या छावणीत हिंदी शिपायांची हत्यारं काढून घेतली गेली. आपल्या बाजूकडे शौर्य होतं, पण तार नव्हती. तारा तोडायच्या हे शिपायांनाही कळलं, पण तोवर बातमी पुढे गेली होती. दिल्लीत राहणाऱ्यांनी काश्मिरी गेटजवळचं इंग्रजांनी उभारलेलं तारघराचं स्मारक जरूर पाहावं.

पुढच्या भागात फ्रान्सच्या प्लांते यांची 1859 ची शिशाची बॅटरी घेऊ, जिच्या वंशजांनी आमचे ट्रक चालवले.