सिस्टर परदेशी निघाली

दवाखान्यात सलाइन लावायला येते तिला आपण 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द आला विलायतेतून. तिथे पूर्वी धर्माला वाहून घेतलेल्या ख्रिस्ती बाया रोग्यांची सेवा करत, त्या सिस्टर. पुढे 1860 साली फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी लंडनात शाळा काढली आणि हे काम शिकून, परीक्षा देऊन करायचं झालं. आपल्याकडे मिरजेच्या मिशन दवाखान्यात 1897 साली नर्सिंगची शाळा सुरू झाली.

पण पोरगी धाडायची कोणी? परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, रातपाळी करायची! बाळंतपणाला सुईण सगळ्यांना लागायची, पण काम झालं की तिला उंबऱ्याबाहेर बसवायचे, तोच हा विचार. म्हणून सुरुवातीला जास्त करून ख्रिस्ती मुलीच या कामात आल्या. रमाबाई रानड्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि घरोघरच्या बायांना, विधवांनासुद्धा, ससून रुग्णालयात हे शिक्षण घ्यायला लावलं. लोकांनी नावं ठेवली, तरी त्या थांबल्या नाहीत.

केरळातल्या ख्रिस्ती घरांनी हे काम आधीच आपलंसं केलं होतं. 1960 नंतर पश्चिम जर्मनीच्या दवाखान्यांत माणसं कमी पडू लागली, तेव्हा चर्चच्या ओळखीतून तिथल्या तरण्या मुली बोट नाही तर विमान धरून निघाल्या. त्यांच्या पगारावर माहेरी घरं बांधली गेली, बहिणींची लग्नं झाली. लग्न करून त्यांनी नवऱ्यांना तिकडे नेलं, तर त्यांना कित्येक वर्षं कामाची परवानगी मिळाली नाही. बायको ड्युटीवर आणि नवरा लेकरं सांभाळत घरी! हे ऐकून आम्हाला हसू आलं, पण त्या घरांत ते सोपं गेलं नसेल. 1970 नंतरच्या काही वर्षांत तिथली गरज सरली, तशा कित्येकींना राहण्याची मुदत वाढवून मिळाली नाही. ज्यांनी बोलावलं त्यांनीच परत जा म्हटलं.

मग आखाती देशांची वाट खुली झाली, आणि तिच्यासोबत दलालही आले. 2014 साली इराकच्या तिकरित गावी लढाईत 46 भारतीय नर्सेस अडकल्या. जुलैत सुखरूप परतल्या, पण कित्येकींच्या डोक्यावर जाण्यासाठी काढलेलं कर्ज तसंच होतं. 2015 पासून सरकारने नियम केला की सौदी, कुवेतसारख्या 18 देशांत नर्सची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायची. इतर देशांसाठीही नोंदणी असलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. कोणी लाखांत आकडा सांगितला, तर तो कायद्याबाहेरचा समजावा.

आता आपल्या राज्याची गोष्ट. 2024 साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. आधी 10,000 कुशल माणसं पाठवायची ठरली आणि त्या यादीत परिचारिका आहेत. म्हणजे ज्या देशाने मागे नर्सेस परत धाडल्या, तोच आता पुन्हा बोलावतो आहे. तिथली म्हातारी माणसं वाढली आणि सांभाळणारे हात कमी झाले.

रिठदसारख्या गावातून नर्सिंगला जाणाऱ्या पोरींसाठी गटाकडे कर्ज मागायला येतात, म्हणून एक फरक इथे सांगतो. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा. तो करून गावच्या उपकेंद्रात चांगलं काम करता येतं, पण परदेशात नर्स म्हणून नोंदणीला बहुधा तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग मागतात. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का आणि पोरीची नोंदणी महाराष्ट्र परिषदेत होईल का, हे फी भरायच्या आधी विचारायचं. जर्मनीला जायचं तर तिथली भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. त्यात वरीसभर सहज जातं, आणि तेवढे दिवस पगार नसतो. कर्जाचा हप्ता कधीपासून सुरू करायचा, हे ठरवताना ते वर्षही धरावं लागतं.