अमेरिकन प्रतिनिधिसभेची सभासदसंख्या : दोन अस्सलांतील दोन शब्द

अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेचे सभासद वाढवावे कीं नाहीं, हा वाद जुना आहे. १९१३ पासून ही संख्या ४३५ आहे. १९५९ ते १९६३ या काळांत अलास्का व हवाई यांच्या प्रवेशामुळें ती ४३७ झाली होती, एवढाच अपवाद. १९१० च्या शिरगणतीप्रमाणें एका सभासदामागें सुमारें २,१०,००० लोक होते. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें ते सुमारें ७,६१,००० झाले. वाढीचे कांहीं पुरस्कर्ते जुन्या अस्सलांचा आधार घेतात. तीं अस्सलें काय सांगतात, हें आम्ही येथें तपासूं.

पहिलें अस्सल १७ सप्टेंबर १७८७ चें घटनापत्र. पहिल्या चर्मपत्राच्या पंधराव्या ओळींत 'तीस' हा शब्द अंशतः खरवडलेल्या जागीं लिहिला आहे. ही खाडाखोड संशयास्पद नव्हे. लेखनिक जेकब शॅलस यानें पत्राच्या अखेरीस तिची नोंद केली आहे. कारणही ज्ञात आहे. अखेरच्या दिवशीं नॅथॅनिएल गोरम यांनीं ४०,००० च्या जागीं ३०,००० घालण्याची सूचना मांडली. एरवीं चर्चेपासून अलिप्त राहिलेले अध्यक्ष वॉशिंग्टन तिच्या पाठिंब्यासाठीं बोलले आणि ती एकमतानें मंजूर झाली. मात्र हें कलम कमाल मर्यादेचें आहे : ३०,००० लोकांमागें एकाहून अधिक सभासद नसावा. त्यानें वाढीस वाव दिला, वाढीची सक्ती केली नाहीं.

दुसरें अस्सल १७८९ च्या बारा दुरुस्त्यांचें. त्यांतील पहिली दुरुस्ती याच संख्येविषयीं होती. २४ ऑगस्ट १७८९ च्या प्रतिनिधिसभेच्या पाठांत शेवटची अट अशी होती कीं, सभासद दोनशेंहून कमी नसावे व ५०,००० लोकांमागें एकाहूनही कमी नसावे. सप्टेंबरांत दोन्ही सभांच्या संयुक्त समितीनें या शेवटच्या 'कमी' च्या जागीं 'अधिक' शब्द घातला, व राज्यांकडे तोच पाठ गेला. परिणाम विलक्षण झाला. लोकसंख्या ९० लाख धरिली, तर सभासद किमान २०० हवेत आणि १८० हून अधिक नकोत ! ही दुरुस्ती पुरेशा राज्यांनीं मान्य केली नाहीं.

आजची लोकसंख्या घेऊन सहा हजारांवर सभासद हवेत असें जे म्हणतात, ते टाकून दिलेला पाठ वाचतात. राज्यांकडे गेलेल्या पाठाप्रमाणें ४३५ ही संख्या पूर्णपणें नियमांत बसते.

म्हणून वाढ नकोच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पहिल्या सभेचे ६५ सभासद पुढें लोकसंख्येबरोबर वाढत गेले, ते साध्या कायद्यांनीं. ४३५ ही संख्याही कायद्यानेंच ठरली. ती घटनेंत नाहीं. मोठ्या सभेंत विचारापेक्षां विकार बळावतो, ही मॅडिसनची भीति विसरून चालणार नाहीं. तथापि एका सभासदामागील लोक साडेतीनपटींहून अधिक झाले असतां संख्या तीच ठेवण्यास ती पुरेशी नाहीं. आमच्या मतें वाढ योग्य आहे. पण ती नव्या कायद्यानें मागावी. अस्सलांत नसलेला शब्द त्यांत वाचून नव्हे.